नदी उठून गेली

आक्का होडी चालवायची. बापाला मुलगा नव्हता, दोन मुलीच. त्यातली थोरली लहानपणापासून होडीत लुडबुड करायची, आणि बापाचे डोळे अधू होत होत शेवटी त्याला समोरचा काठ दिसेनासा झाला, तेव्हा वल्ही आपसूक तिच्या हातात आली. बाई होडी चालवते म्हणून लोकांनी सुरुवातीला नाकं मुरडली. पण पलीकडे जायला दुसरी होडी नव्हती, आणि मुरडलेल्या नाकाने पोहता येत नाही हे लोकांच्या लवकरच लक्षात आलं. पुढे तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला आक्काच म्हणायला लागली.

ती जिथे होडी चालवायची ती जागा आधी समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्या जागेपायीच घडलं. नदी डोंगरातून निघून सरळ समुद्राकडे यायची, आणि समुद्र अगदी हाकेवर आला की तिला काय वाटायचं कोण जाणे, ती एकदम उजवीकडे वळायची. कारण मधे वाळूची लांबच लांब पट्टी आडवी पडलेली होती. पट्टीच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नदी, अशी ती बरीच वाट चालायची आणि पट्टी संपली की मगच समुद्राला मिळायची. त्या टोकावर दीपगृह होतं. दीपगृहाच्या समोर, अलीकडच्या काठावर, गाव. पट्टी जिथे सुरू व्हायची तिथे, म्हणजे दक्षिणेला, वस्ती होती, आणि वस्तीच्या मागे बरीच खेडी. त्या सगळ्यांना बाजार, दवाखाना, शाळा, कचेरी यांसाठी गावातच यावं लागे. पूल होता, पण पार डोंगराच्या पायथ्याशी, तिकडून यायचं तर दिवस मोडायचा. म्हणून लोक वाळूच्या पट्टीवरून चालत दीपगृहापर्यंत यायचे, तिथे उभं राहून हात हलवायचे, आणि आक्का होडी घेऊन जायची.

गावाला आपल्या तीन गोष्टींचा भारी तोरा होता. एक काळ्या दगडाचा धक्का, ज्याच्या पायऱ्या उतरून उतरून मधोमध खोलगट झाल्या होत्या. दुसरं धक्क्यावरचं जकातघर. उंच छताचं, जाड भिंतींचं, पाण्याकडे तोंड करून बसलेलं. जकात कधीच बंद झाली होती, पण शिपायाची जागा मात्र कुणीतरी कागदावर रद्द करायची विसरलं होतं, त्यामुळे तिथे अजून एक शिपाई होता. तो रोज कुलूप काढायचा, झाडायचा, आणि संध्याकाळी कुलूप लावायचा. आणि तिसरं दीपगृह. ते कुणी बांधलं याच्या गावात जितकी तोंडं तितक्या कथा होत्या, आणि सांगणारा प्रत्येक जण आपल्या आजोबांचा हवाला द्यायचा.

दीपगृहाचा दिवेवाला म्हणजे आक्काच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्न ठरवताना आबांनी, म्हणजे त्यांच्या बापाने, फार चौकशी केली नव्हती. तेव्हा त्यांचे डोळे शाबूत होते. त्यांनी एवढंच पाहिलं होतं की आपल्या दारात उभं राहिलं तर मुलीचं घर दिसतं. धाकटीला दोन मुली झाल्या. दिवेवाला बोलायला कमी, पण माणूस चोख. संध्याकाळी समोर दिवा लागला की आक्का आत येऊन आबांना सांगायची, "लागला." आबा मान हलवायचे. दोन्ही घरांची ख्यालीखुशाली तेवढ्या एका शब्दात उरकायची.

ज्या वर्षी हे घडलं, त्या वर्षी डोंगरात पाऊस असा काही बसला की उठायचं नावच घेईना. नदी तांबडीलाल होऊन फुगली. त्यातच समुद्रात वादळ उठलं आणि मोठ्या भरतीची वेळ जुळून आली. वरून नदी रेटतेय, खालून समुद्र तिला परत ढकलतोय, आणि मधे अडकलेलं पाणी धक्क्याची एकेक पायरी चढत वर येतंय. आक्काने होडी ओढून जकातघराच्या ओट्यावर आणून बांधली. शिपाई म्हणाला, "सरकारी जागेत खाजगी होडी. उद्या साहेब आले तर काय सांगू?"

"तुमचे साहेब शेवटचे आले तेव्हा तुमचे केस काळे होते," आक्का म्हणाली, आणि गाठ मारून घरी गेली.

पहाटे वारा पडला. आक्काने दार उघडलं आणि ती उंबऱ्यावरच थबकली. पाणी एक पायरी नव्हे, बऱ्याच पायऱ्या उतरलं होतं. एवढ्या पुरानंतर पाणी असं झटकन उतरत नाही. ते फुगतं, रेंगाळतं, आठवडाभर नकोसं करतं. आज ते कुणीतरी मोरीचं बूच काढल्यासारखं खाली गेलं होतं. मग तिने समोर पाहिलं आणि पाण्याचं सगळं विसरली.

दीपगृह कललं होतं. फार नाही, एखादा माणूस बोलणं ऐकायला जरासा पुढे झुकतो तेवढंच. दिवस उजाडला होता तरी वर दिवा पेटलेलाच होता. दिवेवाला उजेड झाल्यावर दिवा विझवल्याशिवाय चहा घेत नसे. खाली वाळूवर धाकटी दोन्ही मुलींना घेऊन उभी होती आणि चादर हलवत होती.

आक्काने होडी सोडली. शिपाई धावत आला आणि त्याने होडी पाण्यात ढकलायला हात लावला. या माणसाचा जन्म नदीकाठी गेला होता, पण पाण्याची त्याला एवढी धास्ती की तो कधी होडीत बसला नव्हता. त्या सकाळी काय झालं ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. होडी सुटली तेव्हा तो आत होता.

आता या नदीत होडी घालायची एक रीत होती. पाणी गावाकडून पाहिलं तर डावीकडून उजवीकडे वाहायचं, समुद्राकडे. त्यामुळे समोर जायचं तर होडीचं नाक बरंच डावीकडे धरायचं, म्हणजे पाणी ढकलत ढकलत बरोबर समोर नेऊन सोडायचं. आक्काच्या हातांना हे इतकं सवयीचं होतं की त्यात विचार असा उरलाच नव्हता. तिने नाक डावीकडे धरलं आणि वल्ही मारली. होडी डावीकडे निघाली. आणखी डावीकडे. दीपगृह समोर यायच्या ऐवजी उजव्या हाताला लांब जायला लागलं.

"आक्का," शिपाई दोन्ही हातांनी फळी धरून म्हणाला, "डावीकडे का घेतेस?"

"मी घेत नाहीये."

तिने वल्ही उचलून धरली आणि पाण्याकडे पाहिलं. एक मोडकी फांदी होडीच्या बाजूने चालली होती. पाला, फेस, कुणाच्या घरची उलटी बादली, सगळं चाललं होतं, डावीकडे. समुद्राकडे पाठ फिरवून. आपलं डोकं फिरलं, असं तिला खरोखर वाटलं. तिने डोळे मिटून परत उघडले. नदी उलटी वाहत होती.

पण समोर मुली होत्या, आणि धाकटी चादर हलवायची थांबली होती, ते जास्त वाईट होतं. आक्काने होडी फिरवली, नाक उजवीकडे धरलं, जे तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि जीव खाऊन वल्ही मारली. होडी वाळूला लागली.

"मुलींना आधी घे," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "मी थांबते. हे येतीलच इतक्यात."

"भाऊजी कुठे आहेत?"

"अंधार होता तेव्हाच निघाले. पाणी पायथ्याशी लागलं आणि भिंतीत चीर दिसली, तसे म्हणाले, तू मुलींना घेऊन मोकळ्यावर उभी रहा, मी वस्तीवर जाऊन माणसं आणि दोर घेऊन येतो. पट्टीवरून जाऊन यायला किती वेळ लागतो तुला ठाऊक आहे. आता दिसतीलच."

आक्काने पट्टीकडे पाहिलं. दक्षिणेला धुरकट दिसत होतं, त्यापलीकडे काहीच नाही. पण सगळं पाणी तिकडे चाललं होतं, त्याच दिशेला, घाईघाईने, जत्थ्याने. पाणी उगाच कुठे जात नाही. त्याला तिकडे वाट मिळालेली असणार, आणि वाट मिळायला मधे एकच गोष्ट आड होती. आक्काला ते उभ्या उभ्या कळलं आणि तिच्या जिभेवर ते आलंच नाही.

"धाकटे, होडीत बस."

"अगं, ते इथे येऊन शोधतील ना मला."

"गाव काय लांब आहे? येतील तिकडे. तू बस आधी."

शिपायाने मुलींना उचलून आत घेतलं. आक्काने बहिणीला दंडाला धरून बसवलं. ती दंड सोडवून घेत होती, पण तिचं लक्ष पट्टीकडे होतं, म्हणून बसली. होडी नदीच्या मध्यावर आली असेल नसेल, तोच मुलींपैकी लहानी म्हणाली, "मावशी, आमचं घर."

एवढी मोठी वास्तू पडते म्हणजे केवढा आवाज व्हायला हवा. तसा आवाज झालाच नाही. दीपगृह आणखी थोडं झुकलं, तसंच थांबलं, आणि मग पायथ्याची वाळू खचली तसं ते आडवं होत होत समुद्राच्या बाजूला गेलं. पडतानाही दिवा चालू होता. एक पांढरा झोत आभाळावरून फिरून खाली आला आणि गेला. मग लाट आली, होडी वर उचलली गेली आणि खाली आदळली. शिपायाने मुलींना छातीशी धरलं होतं. मागे नुसतं आभाळ होतं, आणि ते फार मोठं दिसत होतं.

धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. काही जण अजून समोरच पाहत होते, जसं काही नीट पाहिलं तर ते परत तिथे दिसेल.

धाकटीला आणि मुलींना आबांजवळ सोडून आक्का परत फिरली. शिपाई पुन्हा होडीत चढला. "तुम्ही कशाला?" तिने विचारलं. तो म्हणाला, "आता सवय झाली," आणि ते बोलताना त्याचे दात वाजत होते.

यावेळी तिने वल्ही जवळपास मारलीच नाहीत. होडी पाण्यावर सोडली आणि पाणी तिला पट्टीच्या कडेने दक्षिणेला घेऊन गेलं. पट्टीवर पावलं दिसतात का ते दोघं पाहत होते. ओल्या वाळूवर काही नव्हतं, पावसाने सगळं पुसून टाकलेलं. मग ओढ वाढली, आक्काने घाईने होडी काठाला घातली, नांगर वाळूत रोवला, आणि दोघं चालत पुढे गेली.

पायाखालची वाळू सरकणं म्हणतात, ते आक्काने डोळ्यांनी पाहिलं. पट्टी सरळ पुढे जात होती आणि एका ठिकाणी संपत होती. कापून टाकल्यासारखी. त्यापुढे पाणी. डोंगराकडून येणारी नदी आता वळतच नव्हती. ती सरळ गेली होती. तांबडं पाणी समुद्रात घुसत होतं आणि हिरव्या लाटा त्याच्यावर चढून येत होत्या, आणि काठाची वाळू घासाघासाने गळून पडत होती. जिथून आदल्या दिवशी बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन गप्पा मारत आल्या होत्या, तिथे गावाच्या नदीपेक्षा रुंद नदी वाहत होती. पलीकडच्या काठावर वस्तीतली माणसं उभी होती, मुंगीएवढी. आक्काने दोन्ही हात वर करून खूण केली. एक माणूस आला का? तिकडून कुणीतरी बऱ्याच वेळाने हात आडवा हलवला. कुणी आलं नव्हतं.

काळोखात चालत गेलेला माणूस. रोजची वाट. हातात कंदील असला तरी त्याच्या उजेडात पुढची चार पावलंच दिसणार. आक्का मटकन खाली बसली. शिपाई तिच्या बाजूला उभा राहिला, आणि काय करावं ते न सुचून त्याने आपली टोपी काढून हातात धरली.

दिवेवाला सापडला नाही. गावातल्या आणि वस्तीतल्या लोकांनी दोन्ही काठ धुंडाळले, समुद्रावर लांबवर जाऊन पाहिलं. काहीच मिळालं नाही. धाकटी रडली नाही. ती आबांच्या घरात राहायला लागली, मुलींच्या वेण्या घालायची, स्वयंपाक करायची, आणि ताटं मांडताना एक जास्त मांडायची. मग ते उचलून परत फडताळात ठेवायची. आक्का ते पाहून न पाहिल्यासारखं करायची.

आणि इकडे गावासमोरची नदी आटत चालली. पाण्याला आता इकडून जायचं कारणच उरलं नव्हतं. भरतीला थोडं यायचं, ओहोटीला निघून जायचं, आणि दर वेळी थोडी वाळू टाकून जायचं. आधी मधोमध एक उंचवटा दिसायला लागला, मग त्याला जोडून दुसरा. धक्क्याच्या पायऱ्या चिखलात उतरायला लागल्या, मग कोरड्या वाळूत. मच्छीमारांच्या मोठ्या होड्या जिथल्या तिथे कलंडून पडल्या. लोक बिचकत बिचकत वाळूवर पाय ठेवायचे, दोन पावलं जायचे आणि परत यायचे. नदीत चालणं त्यांना बरोबर वाटत नव्हतं, जसं कुणाच्या निजायच्या खोलीत न विचारता शिरावं. मग एक दिवस एक म्हैस आरामात चालत पलीकडे गेली, आणि तिच्यामागून माणसं जायला लागली.

शिपाई रोज कुलूप काढायचा. कुणी थट्टेने विचारलं की म्हणायचा, "खात्यात पाण्यावरची जकात होती, वाळूवरची बसवायची का म्हणून विचारलंय वर." पण त्याच्या बोलण्यातला रंग उडाला होता. तो बसायची बाजू बदलून आता गावाकडे तोंड करून बसायचा.

आक्का मात्र सकाळी वल्ही खांद्यावर टाकून धक्क्यावर यायची, ती शेजारी ठेवायची, आणि बसून राहायची. कुणी म्हणालं, "आक्का, घरी जा," तर म्हणायची, "जाते." आणि जायची नाही. तिला दुःख झालं होतं असं म्हणता येणार नाही. दुःख व्हायला गोष्ट आधी पटावी लागते. तिला ती पटतच नव्हती. घर पडतं, माणूस मरतो, होडी बुडते, हे तिने पाहिलेलं होतं. पण नदी आपली जागा सोडून उठून जाते, हे कुठे सांगायचं, कुणाला जाब विचारायचा?

आबांना तिने काही सांगितलं नव्हतं. ते खाटेवर पडून असायचे. जावई गेला हे त्यांना ठाऊक होतं, दीपगृह पडलं हेही. नदीचं त्यांना सांगायची तिची छाती होईना. एक दिवस दुपारी ती त्यांना पाणी द्यायला गेली, तेव्हा ते म्हणाले, "थोरले, नदी कुठल्या बाजूने गेली?"

तिने भांडं खाली ठेवलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पायऱ्यांवर पाणी आपटत नाही महिनाभर. रोज वाटायचं, तू सांगशील."

आक्का खाटेच्या कडेला बसली आणि तिने सगळं सांगितलं. उलट्या पाण्याचंसुद्धा, जे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझी आजी म्हणायची, आपण इथले नव्हे. आपण पाण्यामागून आलो. मला वाटायचं, म्हातारीची बडबड. मागच्या शेतात तो दगड आहे ना, लोखंडी कडीचा?"

तो दगड सगळ्यांना ठाऊक होता. गावाच्या मागे, नदीपासून बराच आत, शेताच्या मधोमध एक बुटका जाड खांब उभा होता आणि त्यात गंजलेली कडी. कुणी म्हणे, पूर्वी तिथे हत्ती बांधायचे. शेतकरी तिला बैल बांधायचा.

"त्याच्या बुडाशी खणून बघ," आबा म्हणाले. "आजी म्हणायची, त्याच्याखाली पायऱ्या आहेत. मी कधी बघितलं नाही. कशाला बघायचं? नदी दारात होती."

आक्का कुदळ घेऊन गेली. शिपाईही आला, कारण जकातघरात बसून त्याला करण्यासारखं काही नव्हतं. ज्याचं शेत होतं तो आधी कुरकुरला आणि मग स्वतःच खणायला लागला. गुडघाभर माती निघाली आणि कुदळ दगडावर वाजली. एक पायरी. तिच्याखाली दुसरी. काळ्या दगडाच्या, आणि मधोमध खोलगट झालेल्या. तिसऱ्या पायरीशी मातीत शिंपल्यांचा थर लागला.

तिघेही खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. या पायऱ्यांवरून माणसं उतरली होती, पिढ्यान्‌पिढ्या, पायऱ्या झिजेपर्यंत. इथेही कुणी होडी चालवत असेल. मग त्यांची नदी गेली, आणि ती माणसंही अशीच बसून राहिली असतील, आणि पुढे कधीतरी हे सगळं इतकं विसरलं गेलं की खांबाला बैल बांधला गेला. नदी गेल्याचा आक्काला जेवढा धक्का बसला होता त्याहून हा मोठा होता. एवढी मोठी गोष्ट घडते आणि तिचं काहीच उरत नाही, हा.

शिपाई शेवटी म्हणाला, "म्हणजे याच्या मागेही कुठेतरी एखादं जकातघर असणार. आणि त्यात एक शिपाई." तो हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का धक्क्यावर बसली नाही. तिने चार माणसं बोलावली, होडीखाली लाकडी ओंडके घातले, आणि होडी वाळूवरून ओढत पट्टीच्या तुटलेल्या टोकाशी नेली. कारण वस्तीची आणि खेड्यांची माणसं अडकून पडली होती. त्यांची वाट तीच होती, गावही तेच. नदी त्यांच्या वाटेच्या एका टोकाहून उठली होती आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती.

तिथे तिला पहिल्यांदा कळलं की आपल्याला नदीतलं काही येत नाही. जुन्या पाण्याचा खळगान्‌खळगा तिला पाठ होता, त्यातलं काहीच इथे उपयोगाचं नव्हतं. नव्या मुखाशी नदी आणि समुद्र एकमेकांना सरळ भिडायचे. आज खोल असलेली जागा उद्या उथळ असायची. पहिल्याच खेपेला लाट आडवी आली, होडी अर्धी भरली, आणि ती पलीकडे पोचली ती जीव मुठीत धरून, ठरवलेल्या जागेपासून पार लांब. वस्तीतला एक म्हातारा काठावर उभा होता. तो म्हणाला, "पोरी, नवीन आहेस का?"

"हो," आक्का म्हणाली. केस पिकायला आले होते तिचे. "नवीनच आहे."

ती शिकली. दोनदा होडी उलटली, एकदा वल्हं वाहून गेलं. हळूहळू तिला कळायला लागलं की भरती-ओहोटीच्या मधे पाणी थोडा वेळ दम खातं, तेव्हाच जायचं. लोक धीर करून बसायला लागले. पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा रोजची ये-जा सुरू झाली. आबांना ती संध्याकाळी सांगायची, आज पाणी असं होतं, आज तसं होतं. ते लक्ष देऊन ऐकायचे, मधे एखादा प्रश्न विचारायचे. थंडीत ते झोपेतच गेले.

एक अडचण राहिली होती. लांबून येणाऱ्या मच्छीमार होड्या अजून जुन्या मुखाकडे यायच्या आणि वाळूत रुतून बसायच्या. शेवटी सरकारी माणसं येऊन नव्या मुखाशी एक लोखंडी खांब उभारून गेली. त्यावर दिवा लावायला माणूस हवा होता. हे ऐकून धाकटी जेवता जेवता म्हणाली, "मी लावीन."

आक्काने घास खाली ठेवला. "तिथे?"

"वाती कापायच्या कशा, काच कशी पुसायची, मला येतं. दुसऱ्या कुणाला येतं इथे?"

"येण्याचं नाही विचारत मी."

"ठाऊक आहे काय विचारतेस," धाकटी म्हणाली. "मुलींना भाजी वाढ."

ती रोज दुपार कलली की वाळूवरून चालत जायची, दिवा लावायची, आणि परत यायची. उजाडलं की विझवायला पुन्हा जायची. खांबाच्या तळाशी उभं राहिलं की पाणी अगदी पुढ्यात होतं. ती त्याच्याकडे पाठ करून काम करायची. होडीत मात्र ती बसत नसे. वस्तीत काही काम निघालं तर मुलींना पाठवायची. आक्का तिला कधी बस म्हणाली नाही.

काही वर्षं गेली. धाकटीच्या थोरल्या मुलीचं लग्न वस्तीतल्या घरात ठरलं. तिचं घर बघायला आईने जायला हवं होतं. त्या दिवशी धाकटी धुतलेली साडी नेसून काठावर आली आणि होडीत येऊन बसली. बरोबर दुसरं कुणी नव्हतं. आक्काने पाण्याचा अंदाज घेतला आणि होडी सोडली.

मध्यावर आल्यावर धाकटी म्हणाली, "इथेच असेल ना? साधारण."

"साधारण."

"थांबव जरा."

"इथे थांबता येत नाही गं. ओढ आहे."

"मग हळू घे."

आक्काने वल्ही फक्त होडी सरळ राहील एवढीच मारली. धाकटीने कडेवरून वाकून हात पाण्यात घातला. पाणी बोटांमधून जोरात चाललं होतं. चेहऱ्यावर तेच होतं जे त्या सकाळी चादर हलवायची थांबली तेव्हा होतं, जसं कुणी काहीतरी सांगितलंय आणि ते नीट ऐकू आलेलं नाही. होडी हळूहळू खाली सरकत होती. आक्काला ते दिसत होतं, पण तिने वल्ह्यांचा जोर वाढवला नाही. मग काठ बराच जवळ आला तेव्हा धाकटीने हात काढला, पदराला पुसला आणि विचारलं, "मुलाची आई बोलायला कशी आहे?"

"जरा फटकळ आहे," आक्का म्हणाली. "पण मनाची चांगली आहे."

"असू दे. आपली पोर कुठे कमी आहे."

त्या दिवशी होडी ठरलेल्या जागेपासून बरीच खाली लागली, आणि दोघींना ओल्या वाळूवरून वस्तीपर्यंत चालत जावं लागलं.